चोवीस घरांची वीज

झाकणाचे दोन स्क्रू ओठांत धरून तपासनीस बाईने भिंतीवरच्या वीजमीटरच्या डबीत डोकावून पाहिलं. सील शाबूत होतं. तारा जिथल्या तिथे होत्या. तिने झाकण परत बसवलं, स्क्रू पिळले आणि शिडीवरून उतरता उतरता घरमालकाला विचारलं,

"मंगळवारी रात्री बारा ते तीन तुम्ही काय करत होतात?"

घरमालक सुतार होता, होड्या दुरुस्त करायचा. त्याने आधी शिडी धरून उभ्या असलेल्या मावशींकडे पाहिलं.

"इस्त्री," तो म्हणाला.

"तीन तास?"

"कपडे पुष्कळ होते."

त्याच्या अंगातला सदरा उशीखालून काढल्यासारखा चुरगळलेला होता. तपासनीसने वहीत 'इस्त्री' असं लिहिलं. वीस वर्षांच्या नोकरीत तिने याहून मोठ्या थापा ऐकल्या होत्या, पण इतक्या निर्मळ चेहऱ्याने कुणी मारली नव्हती. इस्त्रीने घराचं दिवसाचं एक युनिट तासाभरातच संपवलं असतं, हे तिने त्याला सांगितलं नाही.

बेट लहान होतं. घरं पंचवीस, तीही एकाच गल्लीच्या दोन बाजूंना. गल्लीच्या एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला शाळा. शाळेमागच्या उतारावर दोन वर्षांपूर्वी सौरवीज कंपनीने पॅनल उभे केले होते. बोटीतून आणलेला एकेक पॅनल चौघांनी खांद्यावर घेऊन वर नेला होता. बॅटऱ्या खाली, जुन्या जनरेटरच्या खोलीत. तिथून प्रत्येक घराला रोज एक युनिट मिळायचं. घराच्या भिंतीवरची डबी ते मोजायची, संपलं की वीज बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरू करायची. तीन दिवे, एक पंखा, फोन, रेडिओ, असा हिशेब करून एक युनिट हा आकडा तपासनीसनेच काढला होता. तिला त्या आकड्याचा थोडा अभिमानही होता. कारण दोन वर्षांत बेट एकदाही अंधारात गेलं नव्हतं.

भानगड गेल्या चार महिन्यांतली होती. ऑफिसात बसून दिसणाऱ्या नोंदींत चोवीस घरं एकसारखी वागत होती. दोन दिवस नेहमीसारखा वापर, मग तिसऱ्या दिवशी सलग तीन तास साडेतीनशे वॅट. ना कमी, ना जास्त. तीन तासांत युनिट खलास आणि मग उरलेला दिवस काही नाही. पंचविसावं घर तेवढं सरळ होतं. तिच्या साहेबांचा तर्क असा होता की कुणीतरी चोरून बर्फ बनवून मच्छीवाल्यांना विकतंय. हुकूम साधा होता. शोधा, सील ठोका आणि साडेचारच्या बोटीने परत या. एका घराची वीज दुसऱ्या घरात नेली, तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांच्याही डब्या तीन महिने बंद, असं करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. तेही कलम तिचंच.

"पुढचं घर माझंच," मावशी शिडी उचलत म्हणाल्या. त्या बेटावरचं एकुलतं एक दुकान चालवायच्या आणि वीज समितीच्या प्रमुखही होत्या. सकाळी धक्क्यावर उतरल्यापासून त्यांनी तपासनीसला एकटं सोडलं नव्हतं.

"काल दुपारी बारा ते तीन तुमच्याकडे साडेतीनशे वॅट होते," तपासनीस म्हणाली.

"पंखा. मला फार गरम होतं."

"पंखा साठ वॅटचा असतो, मावशी."

"मला फारच गरम होतं."

तपासनीसला हसू आलं, ते तिने वहीत तोंड घालून लपवलं. मग तिने मान वर केली आणि प्रथमच गल्लीकडे नीट पाहिलं. दोन्ही बाजूंच्या वळचणींखाली जाळी वाळत घातली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका घरावरून दुसऱ्यावर, कुठेही खंड नाही. जाळी वाळायला उन्हात टाकतात, सावलीत नव्हे. आणि ही तर कोरडी ठणठणीत, धूळ बसलेली होती. तिने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एका जाळ्याची कड उचलली. आत काळ्या वायरींचा मनगटाएवढा जुडगा होता.

मावशींनी शिडी भिंतीला टेकवली.

"बर्फ कुठे बनवता?" तपासनीसने विचारलं.

"कसला बर्फ?" मावशींनी खरोखरच न कळून विचारलं.

वायरींच्या मागे मागे जायला काही अक्कल लागत नव्हती. प्रत्येक घरातून एक नवी वायर येऊन जुडग्याला मिळत होती आणि जुडगा जाड होत चालला होता. शाळेच्या अलीकडच्या घराशी तो वळून मागच्या बाजूला गेला. तेच ते सरळ वागणारं पंचविसावं घर. मागच्या ओट्यावर भिंतीला एक फळी ठोकलेली होती. फळीवर तीन रांगा, एका रांगेत आठ खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एका वायरीचं टोक, प्लगसकट. कुठला प्लग कुणाचा ते ओळखायला खुणा होत्या. एकाला लाल बटण, एकाला चिंधी, एकाला शंख, एकाला शाळेच्या खडूचा तुकडा बांधलेला. एक प्लग खिळ्यावर नव्हता. तो खालच्या सॉकेटमध्ये होता आणि सॉकेटची वायर खिडकीच्या फटीतून घरात गेली होती. आतून एकसुरी घरघर ऐकू येत होती.

घरातून एक म्हातारी बाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने फळीपुढे उभ्या असलेल्या तपासनीसला पाहिलं, तिच्या खांद्यावरच्या कंपनीच्या पिशवीकडे पाहिलं आणि ती मावशींना म्हणाली,

"कळलं वाटतं."

"कळलं, काकू," मावशी म्हणाल्या.

"मग निदान हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

तपासनीसने खिडकीतून आत पाहिलं. खुर्चीत उशांना टेकून एक वाळलेला, उंच म्हातारा बसल्या बसल्या झोपला होता. नाकाला नळी. नळीचं दुसरं टोक जमिनीवरच्या पांढऱ्या यंत्रात. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र. असं यंत्र तिने हॉस्पिटलात पाहिलं होतं. ते किती वीज खातं, याचा विचार करायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

"चार महिने झाले," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं त्या जनरेटरच्या खोलीत धूर खाल्ला. छाती पार गेली. डॉक्टर म्हणाले, हे रात्रंदिवस चालू पाहिजे. बंद पडलं तर पाच-दहा मिनिटं चालेल, त्याच्यावर नाही."

"सिलिंडर?"

"बोट आठवड्यातून दोनदा. तीही समुद्राची मर्जी असेल तर," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनीच ओट्याच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. यांना बेटावर कुणी नावाने ओळखत नाही, दहाकाका म्हणतात. सौरवीज येण्याआधी जनरेटर हेच चालवायचे. संध्याकाळी सहाला सुरू, रात्री दहाला बंद. दहा म्हणजे दहा. कुणी पाया पडलं तरी एक मिनिट वर नाही. "माझ्या लग्नात पंगत बसली होती," मावशी म्हणाल्या. "वाढप अर्धं झालं नि दिवे गेले. मी माझ्या लग्नाचं जेवण बॅटरीच्या उजेडात जेवले. पुढची सात वर्षं या माणसाशी बोलले नाही. सुताराचं तर विचारूच नका, त्याची बायको बाळंतपणात अडली होती. बाळ आलं ते कंदिलाच्या उजेडात. या गल्लीत एक घर दाखवा, ज्याने यांना शिव्या घातल्या नाहीत."

"मग हे?" तपासनीसने फळीकडे बोट केलं.

मावशींनी जरा विचार केला. विचार करून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"आता त्याला काय करणार?" त्या म्हणाल्या.

व्यवस्था साधी होती. एका घराच्या युनिटवर यंत्र जेमतेम तीन तास चालतं. दिवसाला आठ घरं लागतात. चोवीस घरांचे तीन गट, एकेका घराचा तीन दिवसांतून एकदा नंबर. ज्याचा नंबर त्याच्या घरी त्या दिवशी अंधार. दर तीन तासांनी काकू येऊन प्लग बदलायच्या, दिवसा आणि रात्रीही.

"अर्ज का नाही केलात?"

काकू आत गेल्या आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. कंपनीचं पत्र. 'घरगुती वापराची मर्यादा सर्व ग्राहकांस समान असून त्यात वैयक्तिक कारणास्तव वाढ करता येत नाही.' खाली सही. तपासनीसला ती वाचावी लागली नाही. दर सोमवारी तिच्या टेबलावर अशा पत्रांचा गठ्ठा यायचा आणि जेवणाच्या सुट्टीआधी सह्या करून ती तो परत पाठवायची. तिने कागदाची घडी होती तशी घातली आणि काकूंना परत दिला. तिचे कान तापले होते.

"यांना ठाऊक आहे का, वीज कुठून येते ते?" तिने खिडकीकडे पाहत विचारलं.

"छे! कळलं तर स्वतःच्या हाताने बंद करतील. त्यांना सांगितलंय, कंपनीने जास्तीची वीज मंजूर केली."

"कंपनीने?"

"म्हणजे तुम्हीच," मावशी म्हणाल्या.

आतून खोकला ऐकू आला. मग आवाज, बारीक पण हुकमी.

"कोण आलंय?"

काकूंनी तपासनीसकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. नुसती भीती होती, आणि ती लपवायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

खोलीत खुर्ची खिडकी आणि दार यांच्या मधोमध ठेवलेली होती. समोर गल्लीकडची खिडकी, पाठीशी तिरकं मागच्या ओट्याचं दार. दहाकाकांनी तपासनीसला नखशिखांत पाहून घेतलं, तिच्या पिशवीतून डोकावणारी पक्कड पाहिली आणि बसायला सांगितलं.

"कंपनीच्या ना तुम्ही? बरं झालं आलात. माझ्या घराला जास्तीची वीज दिलीत म्हणे."

"हो," तपासनीस म्हणाली. काकू दारात उभ्या होत्या. "दिली."

"कागद नाही आला मंजुरीचा."

"येईल. उशीर होतो कधी कधी."

"सही कुणाची असेल?"

"माझी," ती म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

दहाकाकांनी मान डोलावली. "पाहुणीला चहा दे," ते काकूंना म्हणाले.

"साखर संपलीय. जरा वेळाने आणते."

"आत्ता आण."

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन वाजत होते. "आत्ता?"

"दुकान काय दुसऱ्या बेटावर आहे? मालकीण पण इथेच उभी आहे. जा दोघी."

दोघी गेल्या. काकू निघताना ओट्याकडे एकदा पाहून गेल्या. पायांचे आवाज गल्लीत लांब जाईपर्यंत दहाकाका काही बोलले नाहीत.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," मग ते म्हणाले. "या बायकांना चार महिन्यांत सवय झालीय. तुम्ही कच्च्या आहात."

त्यांनी यंत्राकडे बोट केलं.

"साडेतीनशे वॅट. यंत्राच्या मागे लिहिलंय. दिवसाला आठ युनिट आणि वर थोडं. पंचवीस घरं, पंचवीस युनिट. तीस वर्षं मी पिंपातलं डिझेल काठीने मोजत आलो. माझ्यापासून हे लपणार आहे?"

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. समोरच्यांच्या घरी दर तिसऱ्या दिवशी दिवा लागत नाही. त्यांची मुलगी उंबऱ्यात बसून अभ्यास करते, उजेड असेपर्यंत. मी इथूनच बघतो तिला."

"मग बोलला का नाहीत?"

"आमची ही किती मन लावून खोटं बोलते, बघितलंत ना." ते थांबले, दम घेतला. "ऐका. माझं एक काम करा. ही लाइन तोडा."

"काका..."

"आधी ऐका. महिन्याला तीन पिंपं यायची. रोज चार तास दिले तर बरोबर पुरायची. एकाला दहा मिनिटं दिली, की दुसऱ्याला नाही कशी म्हणणार? म्हणून कुणालाच दिली नाहीत. पंगतीतले दिवे घालवले. माझी आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हाही दहाला पाच कमी असताना तिच्या उशापासून उठलो. परत आलो तेव्हा अंधारात हात लावून बघावं लागलं." त्यांनी नाकावरची नळी नीट केली. "आणि आता हीच माणसं मला दिवसाचे चोवीस तास देतायत. मला लाज वाटते हो. घास गिळताना वाटते. श्वास घेताना वाटते, आणि तो काही थांबवता येत नाही."

"स्वतः का नाही बंद केलंत?"

"मी केलं तर ही उरलेला जन्म रडेल. आणि गाव म्हणेल, आम्ही दिलं ते म्हाताऱ्याने तोंडावर फेकलं. तुम्ही परक्या. तुम्ही तोडलीत तर नियमाने गेलं, कुणाच्या मनाला लागत नाही. नियमाची सोय असते ती हीच." मग ते हलकेच म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर आल्या आल्या तोडली असती. चहासाठी थांबलो नसतो."

तपासनीसने पिशवीत हात घातला. पक्कड हाताला लागली, सीलच्या तारेची गुंडाळी लागली. हुकूम, कलम आणि समोर बसलेल्या माणसाची इच्छा, तिन्ही एकाच बाजूला होती. इतकं सोपं काम तिला नोकरीत क्वचितच मिळालं असेल. हात पिशवीतच राहिला.

आणि यंत्राची घरघर थांबली.

कुणीतरी सूर धरावा तशी एक बारीक, लांबलचक शिटी खोलीत वाजू लागली. यंत्रावरचा हिरवा दिवा लाल झाला. घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी होती.

"संपलं एकाचं," दहाकाका म्हणाले. "झालं तर मग. तुम्हाला काही करायलाच नको. बसून राहा नुसत्या."

ती बसून राहिली. शिटी वाजत होती. दहाकाकांनी डोळे मिटले, हात खुर्चीच्या हातांवर सरळ ठेवले आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले. काही वेळ काहीच वेगळं दिसलं नाही. मग त्यांचे खांदे श्वासाबरोबर वर-खाली व्हायला लागले. गळ्याजवळ खड्डा पडून भरायला लागला. ओठांचा रंग बदलतोय की तो उजेडाचा खेळ आहे, हे तिला ठरवता येईना. गल्लीत पावलं वाजत नव्हती. दुकानात बायकांनी काकूंना घेरलं असणार, आता काय होणार म्हणून.

आपण उठलो कधी, ते तपासनीसला नंतरही आठवलं नाही. ती ओट्यावर फळीपुढे उभी होती. सॉकेटमधला मेलेला प्लग तिने ओढून काढला आणि त्याच्या रिकाम्या खिळ्यावर अडकवला. तेवीस उरले. कुणाचा दिवस आज, कुणाचा उद्या, कोण काल अंधारात बसलं, तिला काहीच ठाऊक नव्हतं. एक युनिट म्हणजे काय हे तिला पुस्तकभर सांगता आलं असतं. तिने घाईने हाताशी आलेला प्लग उचलला, लाल बटणाचा.

"तो नको."

आवाज मागून आला, दारातून. तिने वळून पाहिलं. दहाकाकांनी खुर्चीतच अंग वळवलं होतं, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली होती आणि डोळे सताड उघडे होते.

"तो उद्याचा," ते म्हणाले. एकेका शब्दाला श्वास लागत होता. "आज तीनला... पोस्टवाल्यांचा नंबर. मधली रांग. शंख."

तिने शंख बांधलेला प्लग खिळ्यावरून काढला आणि सॉकेटला लावला. यंत्र सुरू झालं नाही. शिटी वाजतच होती.

"जोरात दाबा," दहाकाका आतून म्हणाले. "तो जरा ढिला आहे."